खाद्यजत्रेतून शाळेसाठी पाच लाख उभे राहतील का?

प्रश्न थोडक्यात असा: आमच्या वसाहतीत सव्वादोनशे कुटुंबं आहेत. जवळच बौद्धिक अक्षम मुलांची एक विनाअनुदानित शाळा आहे. तिच्यासाठी महिला मंडळानं एका रविवारी खाद्यजत्रा करायचं ठरवलंय. पाच लाख रुपये जमवायचे आहेत. स्टॉल किती लावावेत, पदार्थ कोणते ठेवावेत आणि परवानग्या काय लागतात?

स्टॉल आणि पदार्थ तूर्त बाजूला ठेवा. आधी तवे मोजा.

सांगलीत आम्ही सोळा वर्षं अशी जत्रा करतोय. मी बँकेत कॅशियर होते, त्यामुळे पदार्थ चाखायच्या आधी गल्ला मोजायची खोड आहे; तेव्हा सुरुवात हिशेबानंच करते. थालीपीठाचा स्टॉल घ्या. तीन शेगड्या, तीन तवे. एक थालीपीठ नीट खरपूस व्हायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. घाई केली की मधे कच्चं राहतं. म्हणजे एका तव्यावर तासाला बारा-तेरा, तीन तव्यांवर चाळीसच्या आत-बाहेर. जत्रा संध्याकाळी पाच ते नऊ. चार तासांत फार तर १६०. पन्नासला एक विकलं तर ८,००० रुपयांची विक्री. भाजणी, लोणी, तेल, गॅस, पत्रावळ मिळून एकामागे २२ रुपये गेले, की हातात साडेचार हजार. समोर दोनशे माणसांची रांग लागली तरी तवा काही रुंद होत नाही. असे बारा स्टॉल धरले तर चोपन्न हजार. त्यातून मांडव, टेबलं, दिवे, पाण्याचे जार, सफाई यांचे पंचवीस हजार काढा. उरले एकोणतीस हजार, तेही पाऊस न येता.

तेव्हा खाण्याच्या विक्रीतून पाच लाख होत नाहीत. कुणी म्हणालंच की आमचे झाले, तर त्यात प्रायोजकांचे किती आणि देणगीचे किती, एवढं विचारा.

मग इतका घाट कशाला घालायचा? कारण त्या चार तासांत पाच-सहाशे माणसं शाळेच्या अंगणात पहिल्यांदा पाऊल टाकतात. वीस वर्षं त्याच रस्त्यानं ये-जा करणाऱ्यांनाही आत काय चालतं ते माहीत नसतं. मोठी रक्कम येते ती यांच्यातल्या वीस-पंचवीस घरांकडून, आणि ती त्या संध्याकाळी येत नाही. पुढच्या महिना-दोन महिन्यांत येते. आमच्याकडे दरवर्षी असंच झालंय. म्हणून माझी पहिली अट: जत्रा वसाहतीच्या क्लबहाऊसमध्ये नको, शाळेच्या आवारात घ्या. जागा अपुरी असली तर आठच स्टॉल लावा, पण तिथेच लावा.

दुसरी अट: कमिटी बसवायच्या आधी दोघीजणी जाऊन मुख्याध्यापिकेला भेटा आणि काय हवंय ते विचारा. आम्ही पहिल्या वर्षी विचारलं नाही. मोठ्या उत्साहानं पाच व्हीलचेअर घेऊन गेलो. शाळेच्या जिन्याखाली आधीच्या देणगीदारांच्या चार पडून होत्या. सगळ्या मोठ्या माणसांच्या मापाच्या, नऊ वर्षांचं मूल त्यात बसवलं की एका कुशीवर कलंडायचं. शाळेला हवे होते वाचा उपचारतज्ज्ञाच्या आठवड्यातल्या दोन दिवसांचे पैसे, मुलांना आणणाऱ्या गाडीचं डिझेल आणि मोठ्या मुलांसाठी डायपर. यातलं काहीच फोटोत चांगलं दिसत नाही, म्हणून ते कुणी देत नाही. आता आम्ही शाळेकडून लेखी यादी घेतो, रकमेसह, आणि तीच जत्रेच्या प्रवेशाशी मोठ्या अक्षरांत लावतो: गाडीचा एका महिन्याचा खर्च इतका, एका मुलाचे वर्षभराचे उपचार इतके. ज्याला द्यायचंय तो एक ओळ निवडतो आणि त्या ओळीवर खूण करतो. नऊ वाजता कोणत्या ओळी कोऱ्या राहिल्या ते सगळ्यांना दिसतं.

फलकावरच्या शब्दांबद्दलही सांगून टाकते. कित्येक जुन्या शाळांच्या पाट्यांवर अजून 'मतिमंद विद्यालय' आहे, नोंदणीच त्या नावानं झालेली असते. त्याला इलाज नाही. पण तुमच्या बॅनरवर 'मतिमंदांच्या मदतीसाठी' असं लिहू नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि बौद्धिक अक्षमता हा त्यातला एक प्रकार आहे. आमच्या बॅनरवर शाळेचं नाव असतं आणि खाली 'शाळेची खाद्यजत्रा'. मदत, करुणा, आधार यातला एकही शब्द नाही. थालीपीठ खायला येणाऱ्याला एवढं पुरतं.

आता तारीख. सगळ्यांना ३ डिसेंबर सुचतो, जागतिक दिव्यांग दिन. तो आठवडा टाळा. शाळांचे स्वतःचे कार्यक्रम, स्पर्धा, सरकारी समारंभ सगळं त्याच दिवसांत असतं, शिक्षिका दमलेल्या असतात. शिवाय बहुतेक वर्षी मार्गशीर्ष असतो, सामिष खाणारे घटतात. आम्ही संक्रांतीनंतरचा एखादा रविवार धरतो. हवा कोरडी, हुरडा बाजारात आलेला, परीक्षा लांब. फक्त पंचांगात एकादशी बघून घ्या. एकदा आम्ही ती बघितली नाही आणि संध्याकाळभर साबुदाणा खिचडीच्या एकट्या स्टॉलपुढे रांग, बाकी सगळे माशा मारत बसले.

पैशांची पद्धत आधी ठरवा, कारण भांडणं तिथेच होतात. स्टॉलवर रोख घ्यायची नाही, कूपनच. दहा आणि वीसची कूपनं, शंभर आणि दोनशेच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर क्रमांक आणि शाळेचा शिक्का. कूपन विकणारी टेबलं दोन, दोन्ही प्रवेशाशी, प्रत्येकावर दोघं: एक पैसे घेणार, एक कूपन देणार. एकाच माणसाकडे दोन्ही कामं कधीही देऊ नका. माणूस चोर असतो म्हणून नव्हे, गर्दीत मोड देताना चुकतो म्हणून. निघताना फाटकाशी एक पेटी ठेवा, 'उरलेली कूपनं इथे'. तीस-चाळीस रुपयांची कूपनं परत करायला कुणी रांगेत थांबत नाही. ती पेटी छोट्या स्टॉलइतकी कमाई करते, तेल न जाळता.

क्यूआर कोड फक्त संस्थेच्या खात्याचा. तिसऱ्या वर्षी आमच्या खजिनदारबाईंनी सोय म्हणून स्वतःचा लावला. एकूण एक पैसा त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेच्या खात्यात भरला, मी स्वतः ताळा केला होता. तरी पुढे सहा महिने वसाहतीत कुजबुज चालली आणि त्या बाईंनी मंडळ सोडलं ते सोडलंच. चूक माझी होती. बँकेत तीस वर्षं काढूनही मी त्यांना तो लावू दिला. अजून एक: पाचशे माणसं एका जागी आली की मोबाइलचं नेटवर्क बसतं. शाळेचं वायफाय कूपनवाल्या टेबलांना द्या आणि सुटे पैसे आदल्या दिवशीच आणून ठेवा.

स्टॉलवाल्यांशी व्यवहार दोन प्रकारचे. वसाहतीतल्या बायका घरचं साहित्य घालून करतात. त्यांची सगळी विक्री शाळेला. पण बचत गटाच्या बायका येतात, त्यांच्याकडून सगळी विक्री मागायची नाही. त्यांचं घर त्यावर चालतं. त्यांनी जमलेली कूपनं रात्री मोजून द्यायची, आपण सत्तर टक्के त्यांच्या हातात ठेवायचे, तीस शाळेला. हे पैसे त्याच रात्री द्या. 'उद्या या' म्हणालात तर पुढच्या वर्षी चांगला पिठलं-भाकरीवाला गट तुमच्याकडे येणार नाही. किराणा दुकानदाराकडे मात्र देणगी मागू नका. रव्याचं एक पोतं मागा, तेलाचे दोन डबे मागा. पैसे द्यायला माणूस विचार करतो, पोतं लगेच देतो. आमच्याकडे तासगावच्या एका बागायतदाराकडून दरवर्षी बेदाण्याची पेटी येते, नाव लावायचं नाही या अटीवर.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. मुलांचं काय करायचं?

बहुतेक ठिकाणी मुलांना नवे कपडे घालतात, रंगमंचावर आणतात, एक नाच होतो, पाहुणे त्यांना चॉकलेटं वाटतात, फोटो निघतात. आम्हीही चार वर्षं हेच केलं. पाचव्या वर्षी एका आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, ह्याला पाचशे पाकिटं भरायला द्या, भरेल. पण ह्याच्या हातात माइक देऊ नका." तिचा मुलगा तेव्हा शाळा संपवून कार्यशाळेत आला होता. अठरा वर्षं पूर्ण झाली की शाळा सुटते आणि पुढे जायला जागा नसते, ही या घरांची खरी अडचण. ज्या शाळांना जमतं त्या शेजारीच कार्यशाळा चालवतात: पणत्या, फाइली, कागदी पिशव्या. आमच्या शाळेत भडंग करतात. सांगलीत दुसरं काय करणार!

हा मुलगा आता तिशीला टेकलाय. त्याला आकडे वाचता येत नाहीत. डिजिटल काट्यावरचे १४८ आणि १५३ त्याला सारखेच. त्याच्या शिक्षिकेनं कुठूनशी जुनी दोन पारड्यांची तागडी शोधून आणली. एका पारड्यात आधी तोलून ठेवलेलं दीडशे ग्रॅमचं पाकीट, दुसऱ्यात रिकामी पिशवी. काट्यामागच्या पट्टीवर बरोबर मधे तिनं स्वतःच्या कपाळावरची लाल टिकली काढून चिकटवली. तो पिशवीत डावानं भडंग घालतो, मग चिमटीनं. काटा टिकलीवर आला की पिशवी उचलतो. चार दाणे जास्त झाले तर चार दाणे काढतो. एका जत्रेच्या आदल्या रात्री आम्हाला उशीर झाला होता. मी म्हटलं, "राहू दे रे चार दाणे." त्यानं माझ्याकडे पाहिलं, दाणे काढले, काटा स्थिर होईपर्यंत थांबला आणि पिशवी पुढे सरकवली. शिक्षिका नंतर एकेक पाकीट डिजिटल काट्यावर ठेवते. तिला त्याचं पाकीट परत पाठवावं लागल्याचं मी पाहिलेलं नाही. मी नोकरीत हाताखाली बरीच माणसं पाहिली, असा हात एकाचाही नव्हता.

तेव्हापासून आमच्या जत्रेत रंगमंच नाही. कार्यशाळेतली मुलं आणि मोठ्या वर्गातली मुलं स्टॉलवर असतात, आपापल्या कामाला. कुणी कूपन घेऊन बरणीत टाकतं, कुणी पत्रावळीवर पळीनं एकच ठरलेलं माप वाढतं, कुणी प्रवेशाशी हाताला शिक्का मारतं. प्रत्येकाला एकच काम आणि ते महिनाभर आधीपासून शाळेत घोटून घेतलेलं. तळण आणि तव्याजवळ कुणालाही उभं करत नाही. काही मुलांना अपस्माराचा त्रास असतो, झटका कधी येईल सांगता येत नाही. कढईपासून दोन मीटरचं अंतर दोरी बांधून ठेवतो. पाळी पाऊण तासाची, मग सुट्टी. आणि कार्यशाळेतल्या मुलांना त्या दिवसाचं मानधन मिळतं, पाकिटात घालून, त्यांच्याच हातात. 'शाळेसाठीच तर करतायत' म्हणून ते वाचवायला बघणारे कमिटीत निघतातच. त्यांना विचारा, मांडववाल्याला फुकट बोलावलंय का?

हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'नं, नसीमा हुरजूक यांनी उभारलेल्या संस्थेनं, सिंधुदुर्गात स्वप्ननगरीला काजूप्रक्रियेचं काम उभं केलं, तिथे अपंग माणसं काम करून पगार घेतात. मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टचं 'कॅफे अर्पण' २०१८ पासून आहे. स्वयंपाकघरात आणि टेबलांवर बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम (स्वमग्नता) असलेली मोठी माणसं काम करतात. तुमच्या कमिटीतल्या शंका काढणाऱ्यांना एकदा तिथे चहाला घेऊन जा, मीटिंगा वाचतील.

भडंगाच्या हिशेबाकडे परत येते, कारण तव्याची मर्यादा त्याला नाही. पंधरा दिवस आधी वसाहतीत मागणीचे कागद फिरवायचे. साठ रुपयांचं पाकीट, त्यात साहित्य, पिशवी आणि मानधन मिळून तीस रुपये जातात. सहाशे पाकिटांची आगाऊ मागणी आली तर अठरा हजार जत्रेआधीच बांधलेले. वर उरलेल्या एकोणतीस हजारांशेजारी हा आकडा ठेवून बघा. तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी हे सगळं असंच विकता येतं. ओलं, दुधाचं, खव्याचं काही आगाऊ विकायचं नाही.

आवाजाबद्दल. आमच्या सहाव्या जत्रेत कुणा तरुण कार्यकर्त्यानं हौसेनं मोठे स्पीकर आणले. पहिलं गाणं लागल्यावर ऑटिझम असलेला एक मुलगा कान दाबून थेट फाटकाबाहेर, रस्त्यावर. रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून स्पीकर बंद; सूचना द्यायला हातातला एक भोंगा पुरतो. एक वर्ग 'शांत खोली' म्हणून उघडा ठेवतो: पंखा, सतरंजी, मंद दिवा आणि मुलांच्या ओळखीची एक शिक्षिका. तिथे पाहुण्यांना आणि फोटोवाल्यांना प्रवेश नाही. फाटकावर दोघंजण सतत, आणि प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड.

व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी फार खर्च नाही, फक्त आधी विचार लागतो. उताराचं गणित एकास बारा: ओटा एक फूट उंच असेल तर उताराची फळी बारा फूट लांब हवी. मांडववाला चार फुटांची आणून टाकतो, तिच्यावरून खुर्ची उलटते. स्टॉलमधली वाट दोन मीटर, कुठेही नव्वद सेंटिमीटरच्या खाली नको. निदान दोन टेबलं पाऊण मीटर उंचीची ठेवा आणि त्यांना पुढून कापड लावू नका, गुडघे आत जायला हवेत. गवतावर गालिचा अंथरायला नको म्हणा, पुढची छोटी चाकं त्यात अडकतात. आणि पदार्थांचे मोठे फोटो लावलेली पाटी प्रत्येक स्टॉलवर ठेवा. ज्याला बोलता येत नाही किंवा ऐकू येत नाही तो बोट दाखवून मागतो. पहिल्या वर्षी ती पाटी आम्ही मुलांसाठी केली होती. सगळ्यात जास्त वापरली ती चष्मा घरी विसरलेल्या आजोबांनी.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे स्नायूंवर नीट ताबा नसणं, असलेल्या काही मुलांना नीट चावता-गिळता येत नाही. त्यांच्याच शाळेच्या जत्रेत त्यांनी नुसतं बघत बसायचं का? एक स्टॉल मऊ खाण्याचा असू द्या: मुगाची सैल खिचडी, नाचणीचं आंबील, दुधीची खीर. भरवायचं ते पालकांनी किंवा शिक्षिकेनंच, हौशी पाहुण्यांनी नाही. ठसका लागतो आणि तो साधा ठसका नसतो.

अन्नाच्या सुरक्षिततेत एकही सूट देऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगायची वेळ आली. श्रद्धेनं केलेलं अन्न होतं, पण जंतू भाव बघत नाहीत. आमच्याकडे भगर पूर्ण बंद. घरून शिजवून आणलेला भात बंद. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि पुन्हा गरम केल्यानंही धोका टळत नाही, कारण त्यांनी सोडलेलं विष उष्णतेला दाद देत नाही. पाणीपुरी ठेवायचीच तर पाणी शाळेतच, जारच्या पाण्यात, समोर कालवायचं. बाहेरचा बर्फ कशातही नाही. गरम ते साठ अंशांच्या वर, गार ते पाच अंशांच्या खाली, मधलं काही दोन तासांहून जास्त नाही. शंभर-दोनशे रुपयांचा काडीवाला थर्मामीटर घ्या आणि एका कडक बाईला तो घेऊन फिरवा. आमच्याकडे ही कामगिरी निवृत्त नर्सबाईंकडे आहे. त्यांनी एका वर्षी माझ्याच जावेची पन्नास वाट्या बासुंदी ओतून टाकायला लावली. जाऊबाई अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात. प्रत्येक स्टॉलवर दाणे, तीळ, दूध, गहू यातलं काय आहे ते लिहून ठेवा. काही मुलांचं पथ्य काटेकोर असतं.

कागदपत्रं एकदा समजून घेतली की सोपी आहेत. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात नफ्यासाठी असो वा नसो, अन्नाचं काम ते अन्नाचंच काम. म्हणून स्टॉलवाल्यांची आणि पाकिटं विकणाऱ्या कार्यशाळेची नोंदणी लागेल, ती ऑनलाइन होते. पक्क्या बंद पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटक, वजन, तारीख आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. वर्गणी-देणगी जमवायला, मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणपती मंडळं दरवर्षी जातात तेच. सोपा मार्ग म्हणजे शाळा चालवणारी संस्थाच आयोजक आणि पावत्या तिच्याच. आवार खासगी असलं तरी पोलीस ठाण्यात पत्र द्या, अग्निशमन यंत्रं दोन ठेवा, सिलिंडर १९ किलोचे व्यावसायिकच घ्या. घरातला लाल सिलिंडर स्टॉलवर चालत नाही. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पळसाच्या पत्रावळी किंवा उसाच्या चिपाडाच्या ताटल्या घ्या. तिकीट विकून सोडत काढायचं कुणी सुचवलं तर नाही म्हणा, ती लॉटरीत मोडते.

करसवलतीबद्दल हमखास वाद होतो. कूपन घेऊन खाल्लं त्याची प्राप्तिकर सवलतीची (८०जी म्हणतात ती) पावती मिळत नाही, कारण त्याचं थालीपीठ मिळालेलं असतं. निव्वळ देणगीचीच मिळते, संस्थेला ती मान्यता असेल तर. रोखीत २,००० रुपयांच्या वर दिलं तर सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्यांना ती नाहीच. हे चार ओळींत लिहून देणगीच्या टेबलावर चिकटवा. नाहीतर रांगेतले निवृत्त गृहस्थ तुमचा पाऊण तास खातील. माझे यजमानच त्यांच्यात पहिले असतात.

उरलेलं अन्न हा नाजूक विषय. रात्री साडेनऊला कुणीतरी म्हणतंच, "उरलेले वडे शाळेच्या वसतिगृहात देऊन टाका." चार तास पडलेले वडे आपण आपल्या मुलांना देणार नाही. वापरून न झालेलं कोरडं साहित्य, पीठ, तेल, डाळी शाळेच्या कोठीत द्या. शिजलेलं आठ वाजता निम्म्या किमतीत विकून संपवा.

आठव्या दिवशी एका पानाचा हिशेब वसाहतीच्या फलकावर लावा: कूपनं किती विकली, किती परत आली, खर्च कशावर, शाळेच्या खात्यात कधी किती गेले. खर्चाचे आकडे लपवू नका. मोठ्या पुठ्ठ्याचा धनादेश घेऊन फोटो काढायला आम्ही आता जात नाही. त्याऐवजी सहा महिन्यांनी शाळेकडून एक पत्र मागवतो, कोणत्या ओळीचे पैसे कुठे गेले त्याचं, आणि ते त्याच फलकावर लावतो. देणगीचे खरे फोन त्या पत्रानंतर येतात. तुमचे पाच लाख त्या फोनांमधून, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होतील. पहिल्या वर्षी ऐंशी हजार ते लाखभर झाले तर खूश व्हा आणि शाळेला तोच आकडा सांगा, पाचाचा सांगू नका. ती त्या भरवशावर उपचारतज्ज्ञ नेमून बसेल.

तुमच्या शाळेत कार्यशाळा असेल आणि भडंग करून बघायचं असेल तर आमचं प्रमाण देते. एक किलो चुरमुऱ्यांना पाव लिटर तेल, तीनशे ग्रॅम शेंगदाणे, शंभर ग्रॅम ठेचलेला लसूण, मूठभर कढीपत्ता, तीन मोठे चमचे तिखट, एक चमचा हळद, चवीला मीठ आणि थोडी पिठीसाखर. चुरमुरे आधी उन्हात कडकडीत वाळवा. लसूण मंद आचेवर पूर्ण कुरकुरीत होऊ द्या. त्यात ओल राहिली की चौथ्या दिवशी सगळं पाकीट मऊ पडतं. तिखट घालताना गॅस बंद. साखर आणि मीठ शेवटी, हातानं. एका किलोत दीडशे ग्रॅमची दहा-अकरा पाकिटं निघतात, म्हणजे सहाशे पाकिटांना पंचावन्न-साठ किलो चुरमुरे सांगून ठेवा. रात्रभर मोठ्या परातीत पसरून ठेवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पिशव्या बंद करू नका. तागडी मिळाली नाही तर जुन्या बाजारात बघा. टिकली कुठलीही चालेल.